घरच्या स्टिरिओवर कराओके: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात गाणारं माणूस शोधावं लागत नाही. एकादशीच्या भजनात टाळ धरणारे अण्णा, हळदीला रात्रभर ओव्या म्हणणाऱ्या मावश्या, गॅदरिंगला शाळा गाजवलेली ताई, प्रत्येक घरात कुणी ना कुणी असतंच. घरात स्टिरिओ असतो, फोनवर ट्रॅक, म्हणजे गायकाशिवायचं नुसतं संगीत, असतात. घोडं अडतं ते मधल्या जोडणीत. लातूर-परभणीपासून बीड-जालन्यापर्यंतच्या घरांत जे प्रश्न पुन्हापुन्हा निघतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

घरात जुना स्टिरिओ आहे. कराओकेसाठी वेगळा सेट घ्यावाच लागतो का?

नाही. स्टिरिओच्या मागे ‘ऑक्स’, ‘सीडी’ किंवा ‘टेप इन’ असं लिहिलेली लाल-पांढऱ्या भोकांची जोडी असेल तर निम्मं काम झालेलं आहे. त्याच्या जोडीला एक चांगला वायरचा माइक, एक छोटा मिक्सर आणि ट्रॅकसाठी फोन किंवा लॅपटॉप लागेल. बाजारातल्या चाकांच्या ट्रॉली स्पीकरपेक्षा जुना, नीट राखलेला स्टिरिओ गाण्यासाठी बहुतेक वेळा सरस ठरतो, कारण तो संगीत ऐकण्यासाठीच बनवलेला असतो. खोक्यावरच्या ‘५००० वॉट पीएमपीओ’ या आकड्याला काही अर्थ नाही. ‘आरएमएस’, म्हणजे सतत देता येणारी खरी ताकद, किती, एवढंच विचारा.

माइक सरळ स्टिरिओला लावला तर आवाज का येत नाही?

माइकमधून निघणारी वीज फार थोडी असते, काही मिलिव्होल्ट. ऑक्सच्या भोकाला त्याच्या शंभरपट, म्हणजे साधारण ०.३ व्होल्टची अपेक्षा असते. म्हणून पिन बसली तरी आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा ऐकू येतो. मग माणूस व्हॉल्यूम पूर्ण फिरवतो, खरखर वाढते, आणि तेवढ्यात कुणी फोनची पिन लावली की स्पीकर दणकन हादरतो.

जुन्या स्टिरिओवर ‘फोनो’ नावाचं आणखी एक भोक असतं आणि त्याला माइक चालतो असा समज बराच पसरलेला आहे. तिथे आवाज मोठा येतो हे खरं, पण ते भोक रेकॉर्ड प्लेअरचं आहे. रेकॉर्डवर खर्ज कमी आणि तार जास्त ठेवून आवाज कोरलेला असतो, फोनो त्याच्या उलट करून तो सरळ करतो. माणसाचा गळा त्यातून गेला की घोगरा आणि बुजलेला होतो. माइक तिथे लावू नका.

माइकची ताकद वाढवायची, ट्रॅकशी त्याचं प्रमाण बसवायचं, थोडा इको द्यायचा आणि दोन्ही मिळून स्टिरिओला पाठवायचं, ही सगळी कामं मिक्सरची. स्टिरिओनं फक्त आलेला आवाज मोठा करायचा.

मग मिक्सर केवढा घ्यावा?

घरासाठी चार चॅनेलचा पुरे. दोन माइकच्या जागा, फोनसाठी एक स्टिरिओ जागा, प्रत्येक माइकला वेगळा गेन, म्हणजे माइकची ताकद वाढवणारं बटण, आणि वेगळा इको, आणि आत इको किंवा रिव्हर्बची सोय असावी. ‘लो कट’चं, म्हणजे खालची घरघर कापणारं, बटण असेल तर उत्तम. ‘४८ व्होल्ट’ लिहिलेलं बटण कंडेन्सर माइकसाठी असतं. साध्या डायनॅमिक माइकला ते लागत नाही, बंदच ठेवा.

वायरी कोणत्या मागायच्या?

दुकानात जाण्याआधी मिक्सरच्या आणि स्टिरिओच्या मागच्या बाजूचा फोटो काढून न्या, निम्मे हेलपाटे वाचतात.

मिक्सरच्या ‘मेन आउट’ला बहुधा मोठी पिन बसते, साडेसहा मिलिमीटरची. आपल्याकडे साउंडवाले तिला ‘पी-३८’ म्हणतात. स्टिरिओकडे आरसीए, म्हणजे त्या लाल-पांढऱ्या भोकांत बसणारी पिन. म्हणजे दोन मोठ्या मोनो (एकाच बाजूचा आवाज नेणाऱ्या) पिना एका टोकाला आणि दोन आरसीए दुसऱ्या टोकाला, अशी वायर मागा. फोनसाठी एका बाजूला साडेतीनची स्टिरिओ पिन, म्हणजे दुकानातली ‘ईपी’, आणि दुसऱ्या बाजूला मिक्सरला चालतील अशा दोन पिना. फोनला गोल भोक नसेल तर सी-टाइपचं अ‍ॅडॉप्टर. माइकसाठी शक्यतो दोन्हीकडे तीन काड्यांची एक्सएलआर असलेली वायर घ्या. ती लांब असली तरी गुणगुण पकडत नाही. आरसीएची वायर मात्र दोन-तीन मीटरच्या पुढे नेऊ नका. मिक्सर स्टिरिओजवळ ठेवा, लांबी माइकच्या वायरीत घ्या.

डावा-उजवा असे दोन आउटपुट वाय पिनेनं एकत्र बांधून एका भोकात कोंबणं टाळा. दोन आउटपुट एकमेकांना भिडतात, आवाज बिघडतो.

शब्द टीव्हीवर आणि आवाज स्टिरिओवर, हे कसं जमवायचं?

टीव्हीला हेडफोनचं भोक असेल तर तिथून ईपीची वायर मिक्सरला. नसेल आणि फक्त ऑप्टिकल किंवा एचडीएमआय एआरसी असेल, तर तो आवाज आकड्यांच्या रूपात बाहेर पडतो, जुन्या स्टिरिओला कळत नाही. मध्ये ‘डॅक’ नावाची छोटी डबी लागते. ती लावूनही शांतताच असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज ‘पीसीएम’वर करा. साध्या डबीला डॉल्बी उलगडता येत नाही, बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बंद करायला विसरू नका.

ब्लूटूथनं जोडलं तर वायरींची कटकटच नको, असं नाही का?

ट्रॅक ब्लूटूथनं आला तर चालेल, माइकचा आवाज ब्लूटूथनं स्पीकरकडे जाऊ देऊ नका. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये आवाज १५० ते २०० मिलिसेकंद, कधी त्याहून जास्त मागे पडतो. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे २०० मिलिसेकंदांचा उशीर हा सत्तरएक मीटरवर, पार गल्लीच्या टोकाला ठेवलेल्या स्पीकरइतका झाला. स्वतःचाच आवाज एवढ्या उशिरा कानावर पडला की मुरलेला गायकसुद्धा लयीतून निसटतो. घरी गाताना ‘माझा ताल चुकतो’ असं म्हणून गप्प बसलेली बरीच माणसं तालात पक्की असतात. दोष जोडणीचा असतो. त्यांना एकदा वायरवर गाऊ द्या.

ट्रॅक ब्लूटूथनं आणि शब्द फोनच्याच पडद्यावर असतील तर कधी शब्द पुढे आणि संगीत मागे असं होतं. तेही वायरनं मिटतं.

बिनवायरी माइक वेगळी गोष्ट आहे. यूएचएफ पद्धतीच्या माइकमध्ये जाणवण्याइतका उशीर नसतो. २.४ गिगाहर्ट्झवाले स्वस्त माइक वायफायच्या गर्दीत अडखळू शकतात.

माइक हातात घेतला की शिट्टी वाजते. काय करू?

स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा स्पीकरमधून येतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो. हे चक्र फिरत राहिलं की शिट्टी. उपाय याच क्रमानं करा.

आधी जागा बदला. गाणाऱ्यानं स्पीकरच्या मागे किंवा बाजूला उभं राहायचं, समोर कधीच नाही. घराघरांत टीव्ही आणि दोन्ही स्पीकर एकाच भिंतीला असतात आणि गाणारा शब्द वाचायला बरोबर त्यांच्या समोर उभा राहतो, म्हणजे माइकसाठी सगळ्यात वाईट जागी. फोन किंवा टॅब्लेट स्टँडवर लावून शब्द वेगळ्या बाजूला घेतले की निम्मी शिट्टी तिथेच संपते.

मग माइक तोंडाजवळ घ्या. माइक आणि ओठांतलं अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं वाढतो. एक वीत लांब धरलेला माइक चार बोटांवर आणला की मिक्सरचा गेन बराच खाली घेता येतो, आणि गेन खाली म्हणजे शिट्टीही खाली.

तिसरं, जाळी मुठीत धरू नका. कार्डिऑइड माइक पुढून ऐकतो आणि मागून बहिरा असतो. ही करामत जाळीच्या मागच्या फटींमुळे होते. मूठ आवळली की फटी बंद होतात आणि माइक चारी बाजूंनी ऐकू लागतो. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून पोरं माइक तसा धरतात, त्यांना प्रेमानं समजावा.

एवढं करूनही किणकिण उरली तर मिक्सरवर माइकचा ट्रेबल किंवा मिडल थोडा उतरवा, इको कमी करा, आणि जो माइक कुणाच्या हातात नाही तो बंद करा. टेबलावर उघडा पडलेला दुसरा माइक हा नेहमीचा गुन्हेगार.

आमची खोली पत्र्याची आहे, फरशी शहाबादी. आवाज घुमतो.

घुमणारच. पत्रा, फरशी, गिलावा केलेल्या उघड्या भिंती, सगळ्या कठीण पृष्ठभागांवरून आवाज परत येतो, आणि पत्रा स्वतः थरथरतो तो वेगळाच. अशा खोलीत व्हॉल्यूम वाढवला तर गोंगाट वाढतो, शब्द कळत नाहीत.

महागडे फोमचे तुकडे भिंतीला चिकटवण्याची गरज नाही. घरातल्या वाकळा काढा. स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर दोरीला जाड वाकळ टांगली, फरशीवर सतरंजी किंवा गादी टाकली, की फरक पहिल्याच गाण्यात कळतो. वाकळ भिंतीपासून वीतभर पुढे टांगा, जास्त आवाज पिते. माणसं बसली की खोली आणखी शांत होते, म्हणून रिकाम्या खोलीत जुळवलेला आवाज पाहुणे आल्यावर पुन्हा एकदा तपासावा.

जुन्या वाड्यातलं माळवद ज्यांच्याकडे अजून शाबूत आहे, त्यांनी तिथे गाऊन पाहावंच. लाकूड, माती आणि जाड भिंतींमुळे त्या खोल्यांत आवाज पत्र्यासारखा चिरकत नाही. ढाळजेतही छान जमतं, फक्त स्पीकरचं तोंड रस्त्याकडे नको.

स्पीकरचा ट्विटर (आतला बारीक, तार आवाजाचा छोटा स्पीकर) उडाला. आमचा अ‍ॅम्प्लिफायर कमी वॉटचा, म्हणून झालं का?

कमी वॉटच्या अ‍ॅम्पकडून कुवतीबाहेर काम करून घेतलं की तसं होतं. आवाजाची लाट वरून-खालून कापली जाते, त्या कापलेल्या लाटेत वरच्या पट्टीतली ताकद वाढते आणि ती नाजूक ट्विटरला जाळते. ट्रॅक हा आधीच दाबून एकसारखा केलेला असतो. माणसाचा गळा तसा नसतो. अंतऱ्यात कुणी जोशात तार षड्ज लावला की क्षणात सगळं काट्याच्या पलीकडे जातं.

यावर जास्त वॉट हा उपाय लोकांना सुचतो आणि मला तो पटत नाही. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. बैठकीच्या खोलीत नेहमीच्या स्पीकरला एक-दोन वॉटमध्येच भरपूर आवाज मिळतो. गाणं ऐकू येत नसेल तर ट्रॅक खाली घ्या. गळा वर आणण्याचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सुरेल मार्ग हाच आहे, आणि तो जवळजवळ कुणी वापरत नाही. आधी माइकवर जोरात गाऊन मिक्सरचा गेन असा बसवा की लाल दिवा लागणार नाही, मग ट्रॅक हळूहळू वर आणा आणि शब्द बुडायच्या आत थांबा. स्टिरिओचा बेस बूस्ट किंवा लाउडनेस गाताना बंद.

भजनी मंडळाचा आहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. त्याला घरचे स्पीकर चालतील?

चालतील, पण मागची पट्टी नीट वाचा. अशा अ‍ॅम्प्लिफायरवर ४, ८, १६ ओहम आणि ७० व १०० व्होल्ट अशा वेगवेगळ्या जागा असतात. ७० आणि १०० व्होल्टच्या जागा लांब ओढलेल्या कर्ण्यांसाठी आणि ट्रान्सफॉर्मर लावलेल्या स्पीकरसाठी आहेत. घरचा स्पीकर तिथे लावला तर जळेल. आठ ओहमचा एक स्पीकर ‘कॉम’ आणि ८ वर लावायचा. असे दोन समांतर जोडले तर मिळून ४ ओहम होतात, ते ४ वर. आवाज मोनो येईल. अडीचशे वॉटचा अ‍ॅम्प आणि पन्नास वॉटचे स्पीकर असतील तर हात आखडता ठेवा.

माझा सल्ला वेगळा आहे. त्या अ‍ॅम्पवर ‘लाइन आउट’ किंवा ‘प्रीअ‍ॅम्प आउट’ असेल तर ते स्टिरिओच्या ऑक्सला द्या. माइकची जोडणी आहुजा सांभाळेल, स्पीकर स्टिरिओ हाकेल. मंडळाची मालमत्ता मात्र अध्यक्षांना विचारूनच घरी आणा.

भजनाचे ट्रॅक मिळतात, पण म्हणताना मजा येत नाही. का?

कारण आपल्या भजनाची लय वाढत जाते. संथ सुरू झालेला अभंग शेवटी टाळांच्या गजरात दुगणीत पोचतो, आणि तो कधी वाढवायचा हे पखवाजवाला आणि म्हणणारा नजरेनं ठरवतात. ट्रॅक आपली लय बदलत नाही. अभंगासाठी ट्रॅक बाजूला ठेवा. फोनवर तंबोऱ्याचं अ‍ॅप लावून ते मिक्सरमध्ये द्या, एक माइक गाणाऱ्याला, एक पेटी आणि पखवाज यांच्या मध्ये. हाच संच, हाच स्टिरिओ, आणि भजन मोकळं होतं. भावगीत, लावणी, सिनेमाची गाणी यांना ट्रॅक शोभतो.

ट्रॅक माझ्या पट्टीत नाही. पट्टी बदलली तर चालते का?

दोन-तीन अर्धस्वर वर-खाली केलं तर बहुतेक अ‍ॅप बरं काम करतात. त्यापुढे ढोलकी डबडब वाजायला लागते आणि बासरीचा रंग जातो. पुरुष साधारण काळी एकच्या आसपास आणि बायका काळी चारच्या आसपास गातात. या दोन पट्ट्यांत एका बाजूनं सात आणि दुसऱ्या बाजूनं पाच अर्धस्वरांचं अंतर आहे. एवढं ओढण्यापेक्षा त्याच गाण्याचा दुसऱ्या पट्टीतला ट्रॅक शोधा. ट्रॅक देणाऱ्याला ‘स्केल काय’ असं इंग्रजी नावानं विचारावं लागतं: काळी एक म्हणजे सी शार्प, काळी चार म्हणजे जी शार्प.

मूळ गाण्यातून गायकाचा आवाज काढता येतो ना?

जुनी युक्ती अशी की डाव्या बाजूतून उजवी वजा करायची. गायक मधोमध असतो, तो निघून जातो. त्याच्याबरोबर मध्ये असलेला बेस आणि तालही जातो. आणि ज्या जुन्या गाण्यांसाठी जीव तुटतो ती बहुतेक मोनो आहेत. दोन्ही बाजू सारख्याच असल्यामुळे वजाबाकी केली की काहीच उरत नाही. आता संगणक शिकवून आवाज वेगळा करणारी साधनं आली आहेत. २०१९ मध्ये डीझर या कंपनीनं स्प्लीटर नावाचं असं साधन सर्वांसाठी खुलं केलं. मोनो गाण्यावरही ती चालतात. सतारीचा तुकडा कधी कधी गायकाबरोबर पुसला जातो, पण घरात गायला पुष्कळ.

जुन्या कराओके व्हीसीडी असतील तर टाकू नका. अनेकींत एका बाजूला नुसतं संगीत आणि दुसरीकडे गायकासह गाणं असतं. प्लेअरच्या रिमोटवर ‘डावा’ किंवा ‘उजवा’ निवडायचं बटण असतं. ते नसेल तर प्लेअरची फक्त संगीताची पिन मिक्सरच्या एका मोनो चॅनेलला द्या, दोन्ही स्पीकरमधून संगीत येईल.

इको किती ठेवावा?

गाणं थांबवून बोललात आणि इको ठळक ऐकू आला, तर जास्त आहे. पत्र्याच्या खोलीत शून्याजवळ.

सतत गुणगुण येते.

आधी फोनचा चार्जर काढून पाहा. अनेकदा तेवढ्यावर भागतं. मग मिक्सर, स्टिरिओ आणि टीव्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. तीन वेगळ्या बोर्डांवर असतील तर अर्थिंगमधून चक्र तयार होतं आणि ५० हर्ट्झची घूं सुरू होते. केबल टीव्हीची वायर काढल्यावर घूं थांबली तर कारण तिकडे आहे. पंख्याचा रेग्युलेटर आणि डिमरचे दिवेही किरकिर आणतात.

गुणगुण घालवायला अर्थिंगची पिन तोडणारे भेटतील. तसं कधीही करू नका. माइक धातूचा असतो आणि ओठांना लागतो. बिघडलेल्या वस्तूचा प्रवाह अर्थिंगमधून जायचा तो माणसातून जाईल. माइकला झिणझिण्या येत असतील तर गाणं तिथेच थांबवा आणि वायरमनला बोलवून घराचं अर्थिंग तपासून घ्या. गावाकडच्या अनेक घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण मागे वायरच नसते.

लाइट गेली तर इन्व्हर्टरवर चालेल का?

चालेल. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर स्पीकरमध्ये घरघर येईल आणि ट्रान्सफॉर्मर तापेल. साइन वेव्हवर ही अडचण नाही. लाइट परत येताना व्होल्टेज उसळतं, म्हणून लाइट गेल्या गेल्या स्टिरिओचं बटण बंद करा आणि दोन मिनिटं थांबून चालू करा.

उन्हाळ्यात गच्चीवर गायलं तर?

मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे गेला की सगळं घर रात्री गच्चीवर येतं, गाण्याची हुक्की तिथेच येणार. दोन गोष्टी लक्षात घ्या. गच्चीवर भिंती नसल्यामुळे आवाज पातळ वाटतो, खर्ज हवेत विरतो, आणि हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो. स्पीकर भिंतीला किंवा पाण्याच्या टाकीला पाठ लावून, माणसांच्या जवळ ठेवा.

दुसरी गोष्ट कायद्याची. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर वाजवता येत नाही. दहा वाजले की मिक्सर बंद, पुढचं गाणं नुसत्या गळ्यानं. परीक्षेच्या दिवसांत शेजारच्या काकूंना आधी विचारलं तर त्या स्वतःच वर येऊन एखादं गाणं म्हणतील.

गाणं रेकॉर्ड करायचं आहे.

फोन समोर ठेवून केलेलं रेकॉर्डिंग खोलीचा घुमारा पकडतं. मिक्सरला यूएसबी असेल तर ओटीजीनं फोनला जोडा, नाहीतर स्टिरिओच्या ‘टेप आउट’मधून लॅपटॉपच्या लाइन इनला घ्या. इंटरनेटवर टाकलंत तर ट्रॅकच्या हक्कदाराचा दावा येऊ शकतो. घरच्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपसाठी ही चिंता नको.

चालू-बंद करण्याचा काही क्रम आहे का?

आहे. चालू करताना फोन, मग मिक्सर, सगळ्यात शेवटी स्टिरिओ. बंद करताना आधी स्टिरिओ, मग बाकीचं. उलटं केलं तर मिक्सरचा ‘ठप्प’ थेट स्पीकरमध्ये जातो. स्टिरिओवर क्रोशाचा रुमाल घालायची पद्धत आहे, तो गाताना काढून ठेवा. वरच्या जाळीतून उष्णता बाहेर जाऊ द्या. आणि माइकची जाळी महिन्यातून एकदा फिरवून काढा, साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळल्यावरच परत बसवा.